आईची दाढ आणि गाळलेलं वाक्य

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. शाळेत ‘कमळ’ आणि ‘बदक’ गिरवण्याआधी मला ‘जाहीर’, ‘निषेध’ आणि ‘सावधान’ हे शब्द ओळखता येत होते. बुलढाण्यात आमचं दोन खोल्यांचं घर. त्यातल्या एका खोलीत पलंगाखाली कायम गुलाबी आणि पिवळ्या कागदांचे गठ्ठे असायचे. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. शाळा सुटली की ते पत्रकं लिहायला बसत. साप चावल्यावर मांत्रिकाकडे नेऊ नका, अंगात येण्यावर विश्वास ठेवू नका, जरा ताप आला की सलाईन लावून घेऊ नका. रविवारी आम्ही एसटी स्टँडवर जायचो आणि चिखलीच्या, देऊळघाटच्या गाड्यांच्या खिडक्यांतून पत्रकं आत द्यायचो. माझा हात खिडकीला पुरत नसे तेव्हा बाबा मला उचलून धरत. लोक माझ्याकडे बघून हसत आणि कागद घेत. मला वाटायचं, आपण जग बदलतो आहोत.

घरात एक नियम होता: जे छापलं ते आधी घरात पाळायचं. सलाईनचं पत्रक निघालं त्याच आठवड्यात मला उलट्या झाल्या, तर आई तीन दिवस मला चमच्या-चमच्यानं मीठसाखरेचं पाणी पाजत बसली. अक्षतांमध्ये तांदूळ वाया घालवू नका असं पत्रक निघालं तेव्हा ती सख्ख्या भाचीच्या लग्नात रिकाम्या हातांनी उभी राहिली. तिच्या माहेरचे त्यावरून तिला कितीतरी दिवस टोमणे मारत होते. पत्रक बाबा लिहायचे, पाळायची आई. हे मला तेव्हा दिसलं नाही. मला वाटायचं आपण तिघं मिळून पाळतो.

लिहिण्याचाही नियम होता. अर्धा फुलस्केप, एकच बाजू, आणि त्यात ‘मात्र’ येता कामा नये. बाबा म्हणायचे, “मात्र लिहायचा असंन तं पुस्तक लिही. एसटीतला माणूस गाडी सुटेपर्यंतच वाचते.”

कॉलेज संपता संपता मी स्वतःची पत्रकं काढायला लागले. बाबांपेक्षा माझी भाषा तिखट होती, आणि मला त्याचा गर्व होता. त्या सुमारास शहरात एक नवा दातांचा दवाखाना उघडला. बाहेर मोठा बोर्ड होता: ‘न घाबरता दात काढा. गॅसची सोय.’ त्यावर डोळे मिटून हसणारी एक बाई. तो बोर्ड बघून माझं डोकं फिरलं. लोकांना जागं करण्यात माझ्या बापाचं आयुष्य गेलं, आणि इथं माणसाला गुंगी देऊन खुर्चीत निजवण्याची जाहिरात. गुंगीतला माणूस प्रश्न विचारत नाही, तोंडात काय चाललंय ते त्याला कळत नाही. मी तिथंच, बोर्डाखाली उभी राहून, मनात शीर्षक पक्कं केलं: ‘शुद्धीवर राहून दात काढा!’

तरी मी आत गेले, कारण बाबांनी शिकवलं होतं की चौकशी केल्याशिवाय लिहायचं नाही. डॉक्टरबाई माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या असतील. समोर पेशंट नव्हता, त्यामुळे त्यांनी मला बसवून सगळं सांगितलं. या गॅसनं कुणी झोपत नाही, म्हणाल्या. नाकावर छोटा मास्क असतो, त्यातून प्राणवायूत मिसळलेला गॅस येतो. माणूस जागा असतो, विचारलं की उत्तर देतो, फक्त त्याची भीती कमी होते. हिरडीत भुलीचं इंजेक्शन तर द्यावंच लागतं. शेवटी काही मिनिटं नुसता प्राणवायू दिला की माणूस पहिल्यासारखा होतो. सगळ्यांना तो चालत नाही. नाक चोंदलेलं असेल, छातीचे काही आजार असतील, दिवस गेले असतील, तर त्या देत नाहीत.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी वहीत उतरवून घेतली. दुखलं किंवा भीती वाटली की शरीर आपोआप रक्तदाब वाढवतं. धडधाकट माणसाचा तो चढतो आणि उतरतो, काही बिघडत नाही. बीपीच्या पेशंटचा आधीच वर असतो. त्यात दाढेची कळ आणि खुर्चीची धास्ती मिळाली की तो कुठल्या कुठे जातो, आणि तेव्हा हृदयाला किंवा मेंदूला धोका होऊ शकतो. गॅसनं तो चढ थोडा आवरला जातो. “बीपीचं औषध नाही ते,” त्या म्हणाल्या. “पण घाबरट बीपीवाल्याला मी तो घ्या असंच म्हणते.”

घरी येऊन मी मसुदा लिहिला. शेवटाला एक वाक्य होतं: ‘मात्र रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी आणि फार भीती वाटणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावे.’ मसुदा दोन ओळी लांब होत होता. मी तो सकाळभर स्वयंपाकघरातल्या डब्यावर ठेवला होता, अधूनमधून येऊन बघत होते. शेवटून दुसरं वाक्य होतं: ‘गुंगी ही गुलामीची पहिली पायरी आहे.’ दोन्हींपैकी एक जाणार होतं. मी दोन्ही मोठ्यानं वाचून बघितली आणि ‘मात्र’ कापलं. बाबांना दाखवलं तर त्यांनी पाठ थोपटली. कापलेल्या वाक्याबद्दल मी त्यांना बोलले नाही.

पत्रक चाललं. स्टँडवर लोकांनी मागून घेतलं. अमडापूरच्या बाजारात एका चहावाल्यानं ते टपरीला चिकटवलं. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढून पुढे पाठवला आणि तो फिरत फिरत माझ्याच मैत्रिणीकडून मला आला. मी दोन दिवस जमिनीवर नव्हते.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर आईची दाढ सुजली.

आईला दातांच्या डॉक्टरची भीती होती, आणि ती कशी बसली हे आम्हाला माहीत होतं. ती लहान असताना अमडापूरच्या बाजारात एका फिरत्या दातकाढ्यानं तिचा दात उपटला होता. दोन काकांनी तिला खाली दाबून धरलं होतं. तेव्हापासून दात दुखला की ती लवंग धरायची आणि दुसऱ्या बाजूनं चावायची. त्यात पाच-सहा वर्षांपासून बीपीची गोळी सुरू होती. या वेळी लवंगेनं भागलं नाही. गाल इतका सुजला की डाव्या डोळ्याखाली कातडी ताणून चमकायला लागली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं दाढ काढावी लागेल असं सांगितलं. मी तिला त्याच डॉक्टरबाईंकडे नेलं, कारण आमच्या गल्लीपासून तोच दवाखाना जवळ होता. आत जाताना मी बोर्डाकडे बघितलं नाही. काउंटरच्या काचेखाली माझं गुलाबी पत्रक ठेवलेलं होतं. ते तिथं कुणी आणि कशासाठी ठेवलं, हे मी विचारलं नाही.

डॉक्टरबाईंनी मला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. त्यांनी आईच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे बावन्न, खाली ब्याण्णव. थोडा जास्त आहे, म्हणाल्या, पण सूज आहे, लवकर काढलेली बरी. मग त्यांनी आईचा हात हातात घेतला. हात थंडगार होता.

“काकू, घाबरल्यात तुम्ही. मी नाकावर गॅस लावते. जाग्याच राहाल. त्यानं बीपीही फार उडणार नाही.”

आईनं त्यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली.

“नको मॅडम. आमच्यात घेत नाहीत ते.”

मांसमटण न खाणारा माणूस पंगतीत जसं सांगतो, तसं ती म्हणाली. डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. “तुम्ही काय म्हणता? तुम्हाला मी समजावून सांगितलं होतं.”

त्या वेळी मी एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. आई, तू घे, तुझ्यासारख्यांसाठीच आहे ते. ते वाक्य मला येत होतं, मी ते वहीत लिहिलेलं होतं. पण मदतनीस मुलगी बाजूला उभी होती, बाहेर तीन पेशंट बसले होते, आणि काचेखाली माझं पत्रक होतं. मी म्हणाले, “ती नको म्हणते आहे तर नको.”

ती माझी आई होती आणि मी तिच्या निवडीचा मान राखल्यासारखं बोलले.

डॉक्टरबाईंनी भुलीचं इंजेक्शन दिलं. आईचे पाय ताठ झाले, पण ती ओरडली नाही. पट्टा पुन्हा फुगला: एकशे बहात्तर. थोडं थांबून त्यांनी हिरडी टोचून बघितली. पू झालेल्या जागी भूल नीट चढत नाही, म्हणून त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. मग चिमटा लावून दाढ नुसती हलवली. आईच्या घशातून एक आवाज आला. तो मी आधी कधी ऐकला नव्हता. तिनं खुर्चीचे हात इतके घट्ट धरले की बांगड्या कोपराकडे सरकल्या. यंत्राकडे मी बघत होते. एकशे अठ्ठ्याण्णव, खाली एकशे चौदा. तिच्या कानशिलावरची शीर उडताना दिसत होती.

डॉक्टरबाईंनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला. “आज नाही काढत मी,” त्या म्हणाल्या.

त्यांनी आईला टेकवून बसवलं, दिवा बंद केला, दर पाच मिनिटांनी पट्टा फुगवत राहिल्या. आई म्हणत होती की तिचं डोकं ठणकतंय. आमच्या ओळखीतल्या एका बाईची डोक्यातली नस फुटून अर्धं अंग गेलं होतं, आणि त्या अर्ध्या तासात मला सारखा तिचा वाकडा झालेला चेहरा आठवत होता. आईचा चेहरा सुजेनं आधीच एका बाजूनं वेगळा दिसत होता. मी दोनदा तिला हसायला सांगितलं, तोंड सरळ आहे का बघायला. तिला वाटलं मी तिला धीर देते आहे, म्हणून ती खरंच हसली.

आकडा उतरला. तेव्हा डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आधी मोठ्या डॉक्टरकडून बीपीची गोळी बघून घ्या, आठवडाभर सूज उतरायच्या गोळ्या द्या, मग या. आवाज चढवला नाही. “मी खेचलं असतं आणि काही झालं असतं तर?” एवढंच विचारलं. मग मी विचारलं, पत्रक वाचून आणखी कुणी गॅस नाकारला का. त्या म्हणाल्या, मोजलं नाही. देऊळघाटचे एक म्हातारे गृहस्थ मात्र आठवतात. बीपीचे पेशंट, खिशात तो कागद. गॅस नको म्हणाले, बीपी इतका वर असताना त्याशिवाय त्या करायला तयार नव्हत्या, आणि ते दुखऱ्या दाढेनं परत गेले. नंतर आले नाहीत.

तो आठवडा आईनं कण्यांच्या पातळ पेजेवर आणि वरणाच्या पाण्यावर काढला. बाबा हळहळत होते, पण गॅसचा विषय निघाला की गप्प व्हायचे. एकदा म्हणाले, “आपणच छापलं अन् आपणच घ्यायचं? लोक काय म्हनतीन?” त्यांच्या तोंडून ते ऐकल्यावर मला कळलं की मी दवाखान्यात नेमकं हेच बोलले होते, फक्त चांगल्या शब्दांत. बाबांना तर मी काय गाळलं हेही माहीत नव्हतं. मी त्यांना वही दाखवली. त्यांनी वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि पुन्हा वाचली. मग म्हणाले, आईले सांग.

दुपारी ती मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करत मोरीपाशी बसली होती. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी मला काय सांगितलं होतं, मी वाक्य लिहिलं होतं, जागा नव्हती म्हणून काढलं. आईनं गुळणी टाकली, पदरानं तोंड टिपलं.

“म्या वाचलं व्हतं ते,” ती म्हणाली.

मला कळेना.

“डब्यावर ठुला व्हता ना तू कागद. पीठ काढाले गेली तवा वाचला. बीपीवाल्यायनं विचारून घ्यावं, असं व्हतं. मले बरं वाटलं व्हतं वाचून. मंग छापून आलं तं त्यात नव्हतं.”

“मग मला विचारलं काऊन नाही?”

“काय विचारू? म्या म्हणलं, पोरीनं पुन्हा चौकशी केली असंन. खोटं निघालं असंन, म्हणून काढलं. तू खोटं ठेवत नाहीस.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते, मला ते जमतं. त्या दिवशी दवाखान्यातल्या खुर्चीत बसून ती माझ्याकडे बघत होती ते परवानगी मागायला नव्हतं. मी काढलेलं वाक्य खरंच चूक होतं ना, एवढंच तिला बघायचं होतं. आणि मी म्हणाले होते, नको तर नको.

मी म्हणाले, ते खरं होतं. जागा नव्हती. “जागा नव्हती,” ती स्वतःशीच म्हणाली, आणि दुसरी गुळणी भरली.

आठव्या दिवशी दाढ निघाली. नाकावर रबरी मास्क लावला तेव्हा आईची मान आधी आखडली. डॉक्टरबाई सांगत होत्या, नाकानं हळूहळू श्वास घ्या, काकू. दोन-तीन मिनिटांत तिच्या मुठी सुटल्या. हाताच्या बोटांना मुंग्या आल्यासारखं वाटतं म्हणाली, आणि मग कुणी न विचारता अमडापूरच्या बाजारातल्या त्या माणसाबद्दल बोलायला लागली. त्याच्या पेटीवर काढलेल्या दातांची माळ लावलेली होती, आणि काकांनी नंतर तिला भजी घेऊन दिली, ती तिला खाता आली नाहीत. हे आम्ही कधी ऐकलं नव्हतं. ती दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तशी सांगत होती. पट्टा फुगला: एकशे चव्वेचाळीस. इंजेक्शनला एकशे पन्नास. दाढ खेचताना एकशे अठ्ठावन्न, आणि लगेच खाली. डॉक्टरबाईंनी दाढ ट्रेमध्ये टाकली तेव्हा आईनं विचारलं, निंघाली का.

मी बाहेर येऊन भिंतीला टेकले. डॉक्टरबाई हातमोजे काढत आल्या. मी काहीतरी आभाराचं बोलायला गेले तर त्यांनी थांबवलं. “हे सगळं गॅसनं झालं असं नका लिहू आता. गोळी बदलली, सूज उतरली, या वेळी भूल नीट चढली, आणि गॅस होता. कशाचा किती वाटा, मी नाही सांगू शकत.” त्यांना मी कशी माणूस आहे ते कळलं होतं.

दुसरं पत्रक मी लिहिलं. काय खरं, कुणी घ्यावं, कुणी घेऊ नये, सगळं आलं. पाठपोट झालं, बाबांनी तक्रार केली नाही. वर पहिली ओळ अशी होती: ‘आमच्या मागील पत्रकात एक महत्त्वाची सूचना नजरचुकीने राहून गेली.’

छापायला जाण्याआधी मी ते आईच्या हातात दिलं. तिनं चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या. मग पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

“नजरचुकीनं?”

मी म्हणाले, लिहिण्याची पद्धत असते तशी. तिनं बोट उचललं आणि कागद मला परत दिला.

तो तसाच छापला गेला. मी स्टँडवर उभी राहून वाटला. चिखलीच्या, देऊळघाटच्या गाड्यांत दिला, अमडापूरला चहाच्या टपरीवर जुन्यावर नवा चिकटवला. देऊळघाटला दोनदा जाऊन त्या म्हाताऱ्या गृहस्थांची चौकशी केली. ते सापडले नाहीत, की मी नीट शोधलं नाही, हेही मला नक्की सांगता येत नाही. लोक अजून म्हणतात, चूक कबूल करायला हिंमत लागते, तुमचं ते पत्रक आवडलं. मी मान डोलावते.

ती नजरचूक नव्हती. मी ते वाक्य मोठ्यानं वाचलं होतं, ते गाळलं तर किती ओळी कमी होतात ते बघितलं होतं, आणि मग कापलं होतं.